पहिल्या रविवारचा रस

आमच्या चर्चची मी सेक्रेटरी आहे. खजिनदारही मीच, शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेची, मुख्यही मीच आणि महिला मंडळाची अध्यक्षही मीच. मीटिंगमध्ये ठराव मी मांडते, आणि अनुमोदन द्यायला कुणी जागं नसलं की पाळकसाहेब पुन्हा माझ्याकडेच बघतात. ही काही मी कमावलेली मानाची पदं नाहीत. कुणी पुण्याला गेलं, कुणी औरंगाबादला, कुणी कब्रस्तानात, आणि जाताना जो तो आपलं काम माझ्या ओटीत टाकून गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता जरा पाय पसरून बसू. कसलं काय.

यातली बाकीची कामं मी कधीही सोडून दिली असती. ठरावाची वही नाही लिहिली तर आभाळ कोसळत नाही. पण एक काम असं आहे की ते सोडता येत नाही. ते म्हणजे प्रभुभोजनाचा रस.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा एवढासा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात द्राक्षाचा रस. दुसऱ्या काही पंथांत वाइन चालते. आमच्यात बिलकुल नाही. आम्ही मेथडिस्ट, आणि मेथडिस्ट माणसाचा दारूशी उभा दावा. आमच्या जालना जिल्ह्यात द्राक्षाचे मळे पुष्कळ, पण द्राक्षं काही बारमाही नसतात, म्हणून काळ्या मनुका. शनिवारी सकाळी त्या धुऊन भिजत घालायच्या, संध्याकाळी हातानं कुस्करायच्या, त्याच पाण्यात चांगल्या उकळायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या आणि रस थंड झाला की बाटलीत भरायचा. हे माझ्या सासूला मिशनच्या एका मडमसाहेबांनी शिकवलं आणि सासूनं मला. शिवाय सासूनं त्यात एक नियम स्वतःचा घातला होता: रस होतो त्या शनिवारी घरात भांडण करायचं नाही. त्यामुळे आमच्या घरातली सगळी भांडणं साठून रविवारी दुपारी होत, जेवणं झाल्यावर, अगदी निवांत.

सासू गेल्यापासून एकही पहिला रविवार मी चुकवला नाही. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा शनिवारी गॅसवर मनुका होत्याच. शेजारच्या बाईला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं.

मुलगी पुण्याला असते. माझे दोन्ही गुडघे गेलेत, ते दाखवून घे आणि कायमची इकडेच ये, असं तिचं चाललेलं असतं. मी म्हणते, रसाचं कुणाला तरी लावून देते आणि येते. ती म्हणते, "आई, बाजारात ज्यूसची बाटली मिळते." मिळते, मला माहीत आहे. नवरेही बाजारात मिळाले असते तर आपण घेतले असते का, असं मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, लगेच. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

पण लावून देणार कुणाला? तोच तर प्रश्न होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसाला व्हरांड्यात उभं राहावं लागे. दगडी भिंती, उंच छप्पर, पुढे वेदी आणि तिच्यापुढे लाकडी कठडा, ज्याच्याशी गुडघे टेकून आम्ही प्रभुभोजन घेतो. निजामाच्या राज्यात दुष्काळ पडला, मिशनवाले आले, त्यांनी अन्न दिलं, शाळा काढली आणि दवाखाना काढला. त्या शाळेत शिकून आमची माणसं मास्तर झाली, नर्सा झाल्या, कंपाउंडर झाले. मग त्यांची मुलं आणखी शिकली आणि शिकली म्हणून गेली. मिशननं आम्हाला शिकवलं नसतं तर चर्च आज गच्च भरलेलं असतं, असं मी एकदा पाळकसाहेबांना म्हणाले. ते बिचारे तरुण आहेत, तीन गावची तीन चर्चं मोटारसायकलवर सांभाळतात. त्यांनी हेल्मेट घातलं.

शेवटी शेवटी आम्ही रविवारी दहा-बारा म्हातारी माणसं उरलो होतो. त्यातही जो तो आपापल्या घराण्याच्या जागी बसणार. एक खिडकीशी, एक खांबाशी, एक पार मागे दाराजवळ. पाळकसाहेब हात जोडून म्हणायचे, पुढे या, जवळ बसा. कुणी हलत नसे. मीही नाही. आमच्या बाकावर माझ्या सासऱ्यांची आख्खी ओळ बसायची, तिथे मी एकटी बसत होते आणि तेवढंच मला पटत होतं. वरून सांगण्यात आलं होतं की माणसं अशीच घटत गेली तर आमची उपासना बंद करून आम्हाला दुसऱ्या चर्चला जोडतील. आम्ही ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला मनातून थोडं हायसंच वाटलं होतं. बंद झालं तर कुणी मला विचारणार नाही की तू का सोडलंस.

आणि मग ती मिलची माणसं आली.

जालन्यात लोखंडाच्या मिला आहेत, सळया बनवणाऱ्या. तिथे भट्टीवर काम करायला बाहेरच्या राज्यांतून माणसं येतात. त्यातली काही झारखंडची घरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, हे आम्हाला कुठे माहीत? एका रविवारी चार-पाच पुरुष आंघोळ करून, केसांना तेल लावून, चपला दारात काढून आत आले आणि "यीशु सहाय" म्हणाले. आम्ही "सलाम" म्हणालो. पुढच्या रविवारी बायका आल्या, लेकरं आली. नाइट शिफ्ट करून आलेले पुरुष उपदेशात बसल्या बसल्या झोपत, पण गाणं सुरू झालं की जागे होऊन असे गात की छपरातली कबुतरं उडत. हिंदीत गात. पाळकसाहेब अर्धी उपासना हिंदीत करू लागले. शब्बाथ शाळेत मला पुन्हा खडू हातात घ्यावा लागला. लोक मला म्हणत, बाई, चर्चला नवा बहर आला! मला दिसत होतं ते एवढंच, की आता मनुका दुप्पट लागणार.

आमच्यातल्या पुष्कळांना हे रुचलं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त काकांना. काका म्हणजे सगळ्यांचेच काका. जुने ट्रक ड्रायव्हर. एके काळी इतके पीत की त्यांच्या बायकोनं भाकरीचं पीठ शेजारी लपवून ठेवावं, नाहीतर तेही विकलं जाई. मग एका जत्रेत, म्हणजे आमची मोकळ्या मैदानात तंबूत होते ती प्रार्थनेची जत्रा, त्यांनी दारू सोडली ती सोडलीच. तेव्हापासून साक्ष द्यायची वेळ आली की काका उठणार. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. काकांची सुरुवात ठरलेली: "सैतानानं मला स्टेअरिंगवर बसवलं अन् प्रभूनं खाली उतरवलं." आम्हा सगळ्यांना ती साक्ष इतकी पाठ की पुढचं वाक्य कुठे हुंदक्यासाठी थांबणार तेही माहीत. मी त्या वेळात मनातल्या मनात आठवड्याची भाजी ठरवायची.

मिलची माणसं आल्यापासून काका धुसफुसत होते. "ह्या लोकायच्या मुलखात घरोघरी तांदळाची दारू गाळतेत," ते मला म्हणाले. "लेकरायला बी पाजतेत म्हनं. अन् हे आपल्याला धर्म शिकवून राह्यले. उद्या तुमचा रस बी त्यायच्याच हातात द्याल."

"देईन की," मी म्हणाले. "तुम्ही करता का? नाहीतर द्या एखादी सून आणून."

काकांच्या सुना नाशिकला.

पण त्यांनी बराबर ओळखलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एक जण होतीच. भट्टीवर काम करणाऱ्या एकाची बायको, तिशीतली, बुटकी, पायात भिंगरी असलेली. मी कधी सांगितलं नाही, पण प्रभुभोजन झालं की ती मागे येऊन पेले धुवायला बसे. एकेक पेला उजेडात धरून बघे आणि डाग दिसला की पुन्हा राखेत. मी तिला म्हणाले, पुरे गं, चर्च आहे, प्रदर्शन नाही. ती हसली आणि आणखी एक घासायला घेतला. तेव्हाच मी ठरवलं.

त्या वर्षी गुडघ्यानं अगदीच हात टेकले तेव्हा मुलीनं पुण्यात डॉक्टरची वेळ घेतली. मला तीन-चार आठवडे तिकडे राहावं लागणार होतं आणि परत येणार तोवर पहिला रविवार उजाडणार होता. मी त्या पेले धुणारीला घरी बोलावलं, मनुकांची पिशवी, बाटल्या आणि मलमलीचं फडकं तिच्यापुढे ठेवलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिचाच चेहरा फुलला.

"आंटी, हमारे यहाँ भी किशमिश से ही बनता है। गिरजा के लिए मेरी माँ ही बनाती थी।"

"म्हणजे तुला येतं?"

"बचपन से देखा है।"

डोक्यावरचं दळण कुणीतरी परस्पर उतरवून घ्यावं तसं मला झालं. सांगायला आणखी शक्तीही नव्हती. मी म्हणाले, मग तुला मी काय शिकवू! पिशवी तिच्या हातात दिली आणि पुण्याला गेले. तिथे मुलीला म्हणाले, झालं, लावून दिलं. तिनं लगेच माझ्यासाठी एक कपाट रिकामं केलं.

रविवारी पहाटे गाडीतून उतरले ती थेट चर्चमध्ये. चर्च भरलेलं होतं. वेदीवर ट्रे मांडलेला, त्यावर पांढरं इस्त्रीचं कापड, एक सुरकुती नाही. माझ्या कापडाला कधी इस्त्री नसे. रस करणारी ती चौथ्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि मान न वळवता माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, छान. मग पाळकसाहेबांनी कापड उचललं आणि एक आंबूस, गोडसर वास माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, फुलं सडली असतील.

म्हाताऱ्यांची रांग पहिली. मी काठीच्या आधारानं कठड्याशी गुडघे टेकले, शेजारी काका. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे आधी स्वतः घेतला. ते जरा थांबले. ठसका आला होता तो गिळला आणि डोळे मिटले. उपासना मध्येच कशी थांबवायची हे त्यांना कुणी शिकवलं नसावं. ते पुढे पुढे देत राहिले. मी पेला तोंडाला लावला आणि घोट घशातून आग लावत खाली उतरला. उभ्या आयुष्यात मी दारू चाखली नव्हती, पण कळायला चाखलेली असावी लागत नाही. तिच्या आईनं जसा केला असेल तसाच तिनं तो केला होता. मी गेले त्याच दिवशी मनुका साखरेच्या पाण्यात घालून, मडक्याचं तोंड बांधून, अंधाऱ्या कोपऱ्यात आंबायला ठेवल्या होत्या. त्यांच्या गावच्या मिशनमध्ये प्रभुभोजनाला वाइनच लागते. तिनं कामात काडीचीही कसर ठेवली नव्हती.

शेजारी काकांच्या हातातला पेला हलत होता.

"बाई," ते पुटपुटले, "हे ते हाये."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेला नाकापाशी धरला होता आणि तो तिथून हटत नव्हता. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते मला दिसलं आणि मला दिसलं हे त्यांना दिसलं. दिलेला पेला परत ठेवायचा नाही, तो प्रभूचा आहे, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. काकांनी तो खाली ठेवला नाही. पिऊनही टाकला नाही. अख्खी रांग थांबली होती. मला फार भीती वाटली. इतक्या वर्षांची त्यांची ती साक्ष, जिला आम्ही मनातून कंटाळलो होतो, ती एवढ्याशा पेल्यात बुडायला निघाली होती.

मी त्यांच्या बोटांतून पेला काढून घेतला आणि पिऊन टाकला. अंगठ्याएवढा तर पेला. पण प्रवासाचं उपाशी पोट, वरून दोन पेले. माझे कान तापले. त्यानंतर मला सूचना वाचायच्या होत्या, त्या मी खूपच मोठ्या आवाजात वाचल्या असं नंतर कळलं.

उपासना संपल्यावर व्हरांड्यात जे व्हायचं ते झालं. जो तो बोलत होता. चर्च बाटवलं, कुणी म्हणालं. यांना वेगळी वेळ द्या, कुणी म्हणालं. या बाईंनी रसाचं काम कुणाच्याही हातात दिलं, हे माझ्याकडे बघून. पाळकसाहेब घाम पुसत होते. मिलची माणसं आवारात एका बाजूला गोळा झाली होती आणि ती ट्रे छातीशी धरून पायरीवर उभी होती. नेमकं काय चुकलं ते तिला अजून कुणी नीट सांगितलंही नव्हतं. तिच्या नवऱ्यानं लेकराचं बोट धरलं होतं, निघायच्या बेतात. ही घरं एकदा गेली की परत येणार नव्हती. मग चर्चही बंद आणि मीही सुटले. आणि मला तसं सुटायचं नव्हतं, हे तिथे उभी असताना मला कळलं. दुसऱ्याच्या हातात देऊन सुटायचं होतं, बंद करून नाही.

"काका, तुमीच सांगा आता," कुणीतरी म्हणालं. "तुमी आधीच म्हन्ले होते."

सगळे त्यांच्याकडे वळले. काका खांबाला टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा.

"म्या म्हन्लो होतो," ते म्हणाले. "बराबर. पर तिला कोनी सांगितलं होतं का, आपल्यात उकळतेत म्हून? न्हाई. मंग तिचा काय दोष? तिनं देवासाठीच केलं." ते थांबले. ही नेहमीची हुंदक्याची जागा नव्हती. "म्या इतके वर्सं साक्ष देऊन राह्यलो. तुमी झोपता, मला काय म्हाईत न्हाई का? मला बी वाटायचं, सुटली ते सुटली, आता काय. आज हात थरथरला माझा. बाई बाजूला नसत्या त म्या प्यालो असतो. मला आज समजलं, आपले लोक रस काऊन उकळत आले. माझ्यासारख्यासाठी."

मग ते अवघडून पायरी उतरले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ट्रकवर शिकलेल्या हिंदीत तिला म्हणाले, "बेटी, तूच बनाना. पर मेरे लिए उबालके बनाना."

तिला तेव्हा कळलं. ती ट्रे तशीच धरून मटकन खाली बसली. पेले खळखळले आणि तिच्या रडण्यापेक्षा तोच आवाज जास्त झाला. नवऱ्यानं लेकराचं बोट सोडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गळ्यात पडलं नाही. काही जण फुरंगटून घरी गेले आणि त्यातले दोघे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण झारखंडची सगळी घरं पुढच्या रविवारी आली.

मी तिला एका शनिवारी समोर बसवून शिकवलं. उकळी आली की लगेच उतरवायचं नाही, ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही. भांडणाचा नियमही सांगितला. ती म्हणाली, शनिवारी नवऱ्याला पगार होतो, त्या दिवशी भांडू नको हे अवघड आहे. मी म्हणाले, मलाही अवघड होतं.

पुढच्या पहिल्या रविवारचा रस तिनं एकटीनं केला. शनिवारी संध्याकाळी मी नुसती बसून होते. चार वेळा उठून गॅसपाशी गेले आणि परत आले. मुलीचा फोन आला, आई काय करतेस? म्हणाले, काही नाही. तिला ते खरं वाटेना.

रविवारी पुन्हा कठड्याशी गेले. काकांनी पेला हुंगला, आता ते कायमच हुंगणार, आणि प्यायले. मग माझ्या हातात माझा पेला आला. पाळकसाहेब आधी मराठीत म्हणाले, तुमच्यासाठी, आणि मग हिंदीत, तुम्हारे लिए. रस करपला होता. थोडासाच, पण करपला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सासू गेल्यापासून मी प्रभुभोजन घेतलंच नव्हतं. मी चाखत होते. गोडी कमी झाली का, गाळ राहिला का, पुरेल का. तुमच्यासाठी असं पाळकसाहेब म्हणत तेव्हा ते बाकीच्यांना उद्देशून आहे, असंच मी धरून चालले होते. मागच्या वेळचा गोंधळ सोडला, तर तो करपट घोट इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी केलेला होता. मला रडू आलं. भक्तीनं आलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते दमल्याचं रडू होतं, सगळ्या शनिवारांचं, आणि ते थांबेना.

पाळकसाहेब म्हणाले, शांतीने जा. रांग उठली. मला उठता येईना आणि खरं तर उठायचंही नव्हतं. ती मागून येऊन कानाशी वाकली. घाबरलेली होती.

"आंटी, जल गया क्या?"

"नाही गं," मी म्हणाले. "बराबर झालाय."

तिनं माझा ओला चेहरा पाहिला. मग तिनं हातानं मागच्यांना खूण केली, आणि पुढची रांग, भट्टीवरून आलेले ते पुरुष आणि त्यांच्या बायका, माझ्या दोन्ही बाजूंनी येऊन गुडघे टेकून बसली. मला कुणी उठवलं नाही.